दुर्बिणीतून किडनी देताय? डोनरने पहिल्या दिवसापासून काय काय करायचं

घरात कुणाच्या तरी किडन्या निकामी झाल्यात, आठवड्यातून दोनदा-तीनदा डायलिसिस चालू आहे, आणि तुम्ही म्हणालात की मी देते किंवा मी देतो, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. पेशंटसाठी माहिती भरपूर मिळते, पथ्य काय, पाणी किती, नंतरच्या गोळ्या कुठल्या, पण ज्याच्या पोटातून किडनी काढणार त्याला कुणी शांतपणे बसवून सांगत नाही. मी माझ्या धाकट्या भावाला किडनी दिली, पुण्यात, दुर्बिणीतून. तेव्हा जे तुकड्या-तुकड्याने कळत गेलं ते इथे क्रमाने लिहितेय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण त्यांना काय विचारायचं हे तुम्हाला माहिती असायला हवं.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. डोनर हासुद्धा पेशंट असतो. त्याची फाईल वेगळी, त्याच्या तपासण्या वेगळ्या, त्याचे प्रश्न वेगळे. घरातल्या सगळ्यांचं लक्ष आजारी माणसाकडे असतं, ते साहजिक आहे, पण तुमचं स्वतःकडे असू द्या.

१. आधी स्वतःचं मन बघा

अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्याने जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडंसुद्धा. वय १८ पूर्ण पाहिजे. मूळ कायदा १९९४ चा, नियम २०१४ चे. मावशी, चुलतभाऊ, मेहुणा, मित्र यांना देता येतं पण मग ऑथोरायझेशन कमिटीकडे म्हणजे ट्रान्सप्लांटला मंजुरी देणाऱ्या समितीकडे जावं लागतं, ती प्रक्रिया जास्त कडक आणि लांब आहे.

पैसे घेऊन किडनी देणं-घेणं हा गुन्हा आहे, ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी दंड. पण एक गोष्ट फार जणांना माहिती नसते, डोनरचा औषधपाण्याचा खर्च आणि बुडालेला रोजगार भरून देणं याला कायदा 'मोबदला' धरत नाही. म्हणजे भावाने तुमचा बुडालेला पगार दिला तर त्यात काही चुकीचं नाही, संकोच करू नका, फक्त हिशोब कागदावर ठेवा.

आणि आता जे बोलायला अवघड आहे ते. आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत, आई, बायको, बहीण. यातल्या बऱ्याच जणी खरंच मनापासून देतात, मीही तशीच दिली. पण 'तू नाही दिलीस तर कोण देणार' हे वाक्य घरात फिरायला लागलं की सावध व्हा. तुम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये जाईपर्यंत कधीही नाही म्हणू शकता. डॉक्टरांना एकटं भेटून सांगा की मला नाही जमणार, घरच्यांना सांगायची हिंमत नाही. बरेच डॉक्टर अशावेळी घरी एवढंच सांगतात की हा डोनर मेडिकली चालत नाही, कारण विचारू नका. डोनरच्या तपासण्यांत मानसोपचारतज्ज्ञांची भेट असते ना, तीही यासाठीच असते. तिथे छान छान बोलायची गरज नाही, भीती वाटत असेल तर भीती वाटते म्हणा, भीती वाटते म्हणून कुणी नापास करत नाही.

२. कोऑर्डिनेटरला भेटा आणि स्वतःची फाईल करा

प्रत्येक ट्रान्सप्लांट सेंटरला एक ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर असतो किंवा असते. तुमचं निम्मं काम याच माणसाकडे. पहिल्याच भेटीत तीन गोष्टी मागा: तपासण्यांची यादी, कागदपत्रांची यादी, आणि डोनरच्या खर्चाचा अंदाज. तोंडी नको, लिहून.

फाईल वेगळ्या रंगाची घ्या. पेशंटचे आणि तुमचे रिपोर्ट एका पिशवीत गेले की आडनाव एकच असलं तर नक्की गोंधळ होतो, आणि ट्रान्सप्लांटनंतर पेशंटची फाईल कायम हॉस्पिटलच्या फेऱ्या मारत असते, तुमचे रिपोर्ट त्यात गेले की दोन वर्षांनी तुम्हाला स्वतःचं जुनं क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) सापडत नाही. ते पुढे लागतं, का ते शेवटी सांगते.

याच सुमाराला पेशंटचं नाव झेडटीसीसीच्या म्हणजे विभागीय अवयव प्रत्यारोपण समितीच्या यादीत घालायचं का तेही विचारा. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे या समित्या आहेत. तुम्ही तपासणीत बसला नाहीत तर मेंदूमृत दात्याच्या किडनीची वाट बघायला लागते आणि रांग मोठी आहे, नाव लवकर गेलेलं बरं.

३. तपासण्या

स्वस्त आणि साध्या तपासण्या आधी, महागड्या नंतर, असा क्रम धरा. आधीच सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) करून बसलात आणि नंतर शुगर निघाली तर सगळा पैसा वाया.

पहिला रक्तगट. जुळत नसेल तरी लगेच हातपाय गाळू नका. स्वॅप म्हणजे दोन कुटुंबांनी डोनरांची अदलाबदल करायची सोय कायद्यात आहे, आणि काही सेंटरला रक्तगट न जुळताही पेशंटच्या रक्तातला प्लाझ्मा म्हणजे पातळ भाग बदलून ट्रान्सप्लांट करतात, त्याचा खर्च आणि इन्फेक्शनची भीती जास्त.

मग रक्त, लघवी, क्रिएटिनिन, शुगर (ग्लुकोज पिऊन करतात ती), बीपी, सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, टूडी इको, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी. बायकांना पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी), वयानुसार मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे). गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर न विचारता सांगा, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो म्हणून त्या ऑपरेशनच्या आधी बंद करायला लावतात.

२४ तासांची लघवी गोळा करायची तपासणी सगळ्यात जास्त वेळा चुकते. लॅबवाले मोठा कॅन देतात आणि घाईत सांगतात. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ लिहून ठेवायची, समजा सहा. त्यानंतर दिवसभराची, रात्रीची, प्रत्येक वेळची कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची पहिली कॅनमध्ये घेऊन मग बंद. मध्ये एकदा जरी राहिली तरी रिपोर्ट चुकतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी घरी बसून करा.

टिश्यू मॅचिंग म्हणजे एचएलए आणि क्रॉसमॅच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एचएलए कमी जुळलं तरी चालतं, आजकालच्या औषधांमुळे नवरा-बायकोमध्येही ट्रान्सप्लांट चांगलं टिकतं. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आला तर मात्र थांबावं लागतं, याचा अर्थ पेशंटच्या रक्तात तुमच्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी तयार आहेत. इथे पॉझिटिव्ह म्हणजे वाईट, हे लक्षात ठेवा, रिपोर्ट हातात पडल्यावर आनंदाने पेढे आणणारी माणसं असतात.

डीटीपीए स्कॅनमध्ये प्रत्येक किडनी किती टक्के काम करते ते कळतं. सीटी अँजिओत किडनीला किती रक्तवाहिन्या आहेत ते दिसतं, औषध शिरेतून गेलं की अंगभर गरम वाटतं, लघवी झाल्यासारखं वाटतं, होत नाही, घाबरू नका. या दोन तपासण्यांवरून कुठली किडनी काढायची ते ठरतं. नियम असा की दोन्हीत फरक असेल तर चांगली किडनी डोनरकडेच राहते. दोन्ही सारख्या असतील तर बहुतेक वेळा डावी काढतात कारण डाव्या किडनीची शीर लांब असते, उजवीची आखूड असते आणि जोडायला अवघड जाते. तुमची कुठली काढणार आणि का, हे सर्जनकडून नीट समजून घ्या.

४. कागदपत्रं

तपासण्या पंधरवड्यात उरकतात पण कागदपत्रांवर महिने जातात, म्हणून दोन्ही एकदमच सुरू करा. साधारण लागतं ते:

- दोघांचं आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड
- दोघांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला (नातं सिद्ध करायला)
- लग्न झालेल्यांचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र
- डोनरच्या नवऱ्याची किंवा बायकोची लेखी संमती आणि ओळखपत्र, बहुतेक ठिकाणी मागतात
- उत्पन्नाचा पुरावा, आयकर विवरणपत्र किंवा तहसीलदारांचा दाखला
- स्टॅम्प पेपरवरची नोटरी केलेली प्रतिज्ञापत्रं, मजकूर हॉस्पिटलच देतं
- एकत्र जुने फोटो, लग्नातले, बारशातले, दिवाळीतले
- कायद्यातले फॉर्म: जवळच्या नातेवाईकासाठी फॉर्म १, नवरा-बायकोसाठी फॉर्म २, बाकीच्यांसाठी फॉर्म ३, आणि दोघांचा मिळून अर्ज म्हणजे फॉर्म ११

लग्न झालेल्या बहिणीने भावाला किडनी द्यायची म्हटलं की नावाचा पेच येतोच येतो. भावाच्या सगळ्या कागदांवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. बहिणीच्या आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, काही जणींचं तर पहिलं नावसुद्धा लग्नात बदललेलं असतं. मग समोरचा माणूस विचारतो की या दोघांचं नातं कशावरून? याला साखळी लागते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, विवाह प्रमाणपत्रावर माहेरचं आणि सासरचं दोन्ही, आणि आधारवर सासरचं. मधला विवाहाचा कागद नसेल तर साखळी तुटते. जुन्या लग्नांची नोंदणीच झालेली नसते, ती आताही ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिका-महानगरपालिकेत करता येते पण साक्षीदार, लग्नपत्रिका, भटजींची सही असं सगळं गोळा करावं लागतं. पहिलं नाव बदललेलं असेल तर राजपत्रात नाव बदलून घ्यावं लागू शकतं, त्याला अजून वेळ. म्हणून ज्या दिवशी तुम्ही घरात 'मी देते' म्हणाल त्याच दिवशी संध्याकाळी सगळी कागदपत्रं जमिनीवर पसरा आणि प्रत्येकावरचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख मोठ्याने वाचून ताडून बघा. सुनिता आणि सुनीता, १९८५ आणि १९८६, असल्या गोष्टींवर फाईल परत येते.

डोनर किंवा पेशंट दुसऱ्या राज्यातला असेल तर जास्तीची पडताळणी लागू शकते, हे कोऑर्डिनेटरला पहिल्याच दिवशी विचारा. बेळगाव, इंदूर, हैदराबादला दिलेल्या मुली पुष्कळ आहेत, त्यांनी तर नक्कीच.

मग मुलाखत होते. वर्षाला २५ किंवा जास्त ट्रान्सप्लांट करणाऱ्या हॉस्पिटलची स्वतःची कमिटी असते. मुलाखतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करतात. का देताय, कुणी सांगितलं, पैशाचं काही ठरलंय का, धोके माहिती आहेत का, नवऱ्याला काय वाटतं, असेच प्रश्न असतात, तुम्हाला वेगळं आणि पेशंटला वेगळं विचारतात. पाठ करून जाऊ नका. डोनर बाई असेल तर तिची ओळख आणि संमती पेशंटशिवाय दुसऱ्या कुणाकडून तरी पक्की करून घ्यावी असं नियमात आहे, त्यामुळे जरा जास्त प्रश्न आले तर राग मानू नका, ते तुमच्याच बाजूने आहे.

सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये स्कॅन.

५. पैसे आणि रजा

डोनरचा खर्च पेशंटच्या पॉलिसीतून मिळतो का ते बघा. बऱ्याच आरोग्य विम्यात अवयवदात्याचा खर्च असतो पण तो बहुतेक वेळा फक्त अवयव काढण्याच्या ऑपरेशनपुरता, आधीच्या तपासण्या आणि नंतरची औषधं त्यात धरत नाहीत. पॉलिसीचं ते पान काढून टीपीएकडून (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणारी संस्था) ईमेलवर उत्तर घ्या.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपण आहे, त्याची मर्यादा २०२३ च्या शासन निर्णयाने अडीच लाखांवरून साडेचार लाख केली. हॉस्पिटल योजनेत आहे का आणि ट्रान्सप्लांटसाठी आहे का हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही विचारा. मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीलाही अर्ज करता येतो.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना अवयव दिल्यावर ४२ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळते, २०२३ पासून. बाकीच्यांनी एचआरला आधी लेखी विचारावं. बैठं काम असेल तर तीन-चार आठवडे, अंगमेहनतीचं असेल तर दोन ते तीन महिने धरून चला. शेतीकाम करणाऱ्यांनी सुगी बघून तारीख मागावी, हे अगदी मनापासून सांगते, कारण पेरणी तोंडावर असली की कुणी घरात बसत नाही.

६. दुर्बीण की उघडं ऑपरेशन

पूर्वी डोनरला कुशीवर मोठी चीर द्यायचे, पंधरा-वीस सेंटीमीटर, कधी बरगडीचा तुकडाही काढावा लागायचा. देणाऱ्याची जखम घेणाऱ्यापेक्षा मोठी आणि जास्त दुखणारी. दुर्बिणीतून किडनी काढायचं पहिलं ऑपरेशन अमेरिकेत सेंट लुईसला १९९० मध्ये राल्फ क्लेमन यांनी केलं, ते आजारी किडनीचं होतं. डोनरची किडनी दुर्बिणीतून पहिल्यांदा निघाली १९९५ मध्ये, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये, लॉइड रॅटनर आणि लुई कावूसी यांनी. आता मोठ्या सेंटरला हीच नेहमीची पद्धत आहे. काही ठिकाणी रोबोटिकही आहे, त्याला पैसे जास्त लागतात.

सर्जनला हे विचारा, सरळ विचारा, चांगला सर्जन रागावत नाही:

डोनरची किती ऑपरेशनं तुम्ही स्वतः दुर्बिणीतून केलीत? किती वेळा मध्येच पोट उघडावं लागलं? रक्तस्राव झाला तर पोट उघडावं लागू शकतं आणि संमतीपत्रात ते लिहिलेलं असतं, त्यात लपवाछपवी नसते पण तुम्हाला आधी माहिती हवं. किडनी बाहेर कुठून काढणार?

आणि हा प्रश्न जरूर: किडनीची धमनी बंद कशाने करणार? डोनरच्या ऑपरेशनमध्ये धमनीवर प्लास्टिकच्या लॉकिंग क्लिपा वापरू नयेत असं त्या बनवणाऱ्या कंपनीनेच २००६ मध्ये जाहीर केलं आणि अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २०११ मध्ये पुन्हा इशारा दिला, कारण क्लिप निसटून डोनर दगावल्याच्या घटना झाल्या होत्या. स्टेपलर वापरला तर धमनीच्या भिंतीत पिना आरपार बसतात. स्टेपलर महाग असतो, बिलात दिसतो. माझं स्पष्ट मत आहे की डोनरच्या बाबतीत इथे पैसे वाचवू नयेत.

धोका किती? अमेरिकेत १९९४ ते २००९ मधल्या ऐंशी हजारांहून जास्त डोनरांचा अभ्यास झाला, त्यात ऑपरेशननंतर ९० दिवसांत दहा हजारांमागे साधारण तीन जण दगावले. आकडा लहान आहे पण शून्य नाही, आणि हे घरच्यांनाही माहिती पाहिजे.

७. ऑपरेशनच्या आधी

सिगारेट, तंबाखू, मिश्री बंद, निदान महिनाभर आधी. वजन जास्त असेल तर कमी करायला सांगतील. तीन रंगीत गोळ्यांचं श्वासाचं यंत्र मिळतं, स्पायरोमीटर, ते आधीच घेऊन सराव करा. ओढायचं असतं, फुंकायचं नसतं, आणि हळू ओढून गोळ्या वर धरून ठेवायच्या असतात, झटका देऊन वर उडवायच्या नाहीत. ऑपरेशननंतर पोट दुखत असताना शिकायला गेलात तर जमत नाही.

बॅगेत पुढून बटणाचे गाऊन, सैल कपडे, लांब वायरचा चार्जर, घरच्या नंबरांची कागदावर यादी. बेंबीच्या खाली नाडी किंवा इलॅस्टिक येईल असा एकही कपडा नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डोनरसाठी स्वतंत्र माणूस. दोघांची ऑपरेशनं एकाच दिवशी शेजारच्या थिएटरांत, पेशंट आयसीयूत, सगळे नातेवाईक तिकडे काचेपाशी, आणि डोनर वॉर्डात एकटा, हे फार ठिकाणी होतं. एका माणसाला आधीच सांगून ठेवा की तू फक्त माझ्यासाठी.

८. त्या दिवशी नेमकं काय करतात

पूर्ण भूल. एका कुशीवर झोपवतात. पोटात कार्बन डायऑक्साईड भरून जागा करतात आणि अर्धा ते एक-सव्वा सेंटीमीटरची तीन-चार छिद्रं पाडतात, एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून हत्यारं. डाव्या बाजूला मोठं आतडं बाजूला सारून किडनीच्या शिरा, धमनी आणि मूत्रवाहिनी मोकळ्या करतात. किडनी अख्खी आणि जिवंत बाहेर यायला हवी त्यामुळे ती छिद्रातून येत नाही, ओटीपोटावर सिझेरियनला देतात तशी सहा-आठ सेंटीमीटरची आडवी चीर देतात. ती आधीच तयार ठेवतात, आणि मगच धमनी बंद करतात, कारण रक्त थांबल्यापासून किडनी बर्फासारख्या थंड द्रावणात पडेपर्यंत फक्त काही मिनिटं हातात असतात. सगळं मिळून दोन ते चार तास.

शेजारी पेशंटला ती किडनी पोटाच्या खालच्या भागात, जांघेच्या वर बसवतात. जुन्या किडन्या बहुतेक वेळा तशाच आत राहतात. म्हणजे आमच्या भावाला आता तीन आहेत, हे ऐकून घरातले बरेच जण चकित झाले.

९. हॉस्पिटलचे दिवस

जाग आल्यावर चीर दुखेल याची तयारी असते, पण खांदा दुखतो त्याची नसते. पोटात राहिलेल्या गॅसमुळे श्वासपटलाला त्रास होतो आणि ती कळ खांद्यात जाणवते, दोन-तीन दिवसांत जाते. हृदयाचं काही आहे का म्हणून घाबरू नका, पण नर्सला सांगा जरूर. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बहुतेक दुसऱ्या दिवशी काढतात. त्याच दिवशी उठवून चालवतात, कितीही नको वाटलं तरी चाला, पायात गुठळी होऊ नये आणि पोटातला वारा सरावा यासाठी चालणं हाच उपाय आहे. खोकताना उशी पोटावर घट्ट धरा.

पेनकिलर मागायला लाजू नका. आपल्याकडे बायका सहन करत पडून राहतात आणि मग दुखतंय म्हणून खोल श्वास घेत नाहीत, छातीत कफ साठतो, ताप येतो. तीन-चार दिवसांत डिस्चार्ज. डिस्चार्ज कार्ड घेताना कुठली किडनी काढली, धमनी कशाने बंद केली, आणि जातानाचं क्रिएटिनिन किती, हे त्यावर लिहिलंय का बघा.

१०. घरी आल्यावर

सहा आठवडे जड उचलायचं नाही. भरलेली कळशी, गॅस सिलिंडर, गव्हाचं पोतं, कडेवर मूल, काहीही नाही, नाहीतर चिरेतून हर्निया होतो. स्कूटर आणि गाडी साधारण तीन आठवड्यांनी, सर्जनला विचारून. संडासला जोर लावावा लागणार नाही असं खा, इसबगोल चालतं का विचारा. चिरेच्या आसपास बधिरपणा महिनोनमहिने राहतो, तो हळूहळू जातो. डाव्या बाजूचं ऑपरेशन झालेल्या पुरुषांना त्या बाजूचं वृषण काही दिवस दुखू शकतं किंवा सुजू शकतं, हे लाजेने कुणी सांगत नाही, सांगा.

ताप, चिरेतून पू, पोट फुगून उलट्या, पिंढरीत दुखून सूज, धाप, लघवी कमी होणं, यातलं काहीही झालं तर फोन करत बसू नका, हॉस्पिटलला जा.

आणखी एक. दोन-तीन आठवड्यांनी उगाच रडू येतं, रिकामं रिकामं वाटतं, कुणी विचारत नाही असं वाटतं. बऱ्याच डोनरांना होतं. पेशंटची किडनी नीट चालली नाही तर जास्तच. मानसोपचारतज्ज्ञांना पुन्हा भेटा, ऑपरेशनच्या आधी ज्यांना भेटलात त्यांनाच.

११. पुढे आयुष्यभर

किडनी एक झाली की काम एकदम निम्मं होतं, मग उरलेली किडनी हळूहळू वाढून पहिल्याच्या साधारण ६५ ते ७५ टक्क्यांपर्यंत काम करायला लागते. त्यामुळे तुमचं क्रिएटिनिन आधी ०.८ असेल तर नंतर १.१, १.२ असं राहू शकतं आणि लॅबचा रिपोर्ट लाल अक्षरात येतो. गावातले डॉक्टर तो बघून किडनी बिघडली म्हणतात. इथे ती जुनी फाईल लागते. ऑपरेशनच्या आधीचं, डिस्चार्जचं आणि सहा महिन्यांचं क्रिएटिनिन समोर ठेवलं की कळतं, एका जागी स्थिर आहे म्हणजे ठीक, चढत चाललंय म्हणजे किडनीच्या डॉक्टरांकडे जायचं.

पुढे स्वतःची किडनी निकामी होण्याचा धोका थोडा वाढतो, हेही खरं. अमेरिकेतल्या २०१४ च्या अभ्यासात आयुष्यभराचा अंदाज दहा हजार डोनरांत ९० असा निघाला, तितक्याच निरोगी पण किडनी न दिलेल्या लोकांत १४, आणि सरसकट सगळ्या लोकांत ३२६. तुमच्या घरात मधुमेह किंवा बीपी असेल आणि तुम्ही तिशीच्या आत असाल तर हा आकडा घेऊन डॉक्टरांशी बोला, कारण तुमच्या पुढे वर्षं जास्त आहेत. दुसऱ्या बाजूला, १९५४ मध्ये बोस्टनला जुळ्या भावाला किडनी देणारे रोनाल्ड हेरिक, ज्यांच्यामुळे जगातलं पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट झालं, ते २०१० पर्यंत जगले.

मूल व्हायचं असेल तर डोनर होण्याआधीच स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. कॅनडातल्या अभ्यासात डोनर बायकांना गरोदरपणात बीपी वाढण्याचा त्रास ११ टक्क्यांना झाला, न दिलेल्यांत ५ टक्क्यांना. बहुतेकींचं बाळंतपण सुखरूप होतं, पण ऑपरेशननंतर निदान सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात आणि गरोदरपणात तपासण्या जास्त कराव्या लागतात.

मेडिकलमधून आपल्या मनाने पेनकिलर नको. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, कॉम्बिफ्लाम, पाठदुखीची साधी वाटणारी गोळी, हे सगळं किडनीवर जातं. दुखलं तर पॅरासिटामोल, आणि दाताच्या डॉक्टरांपासून सगळ्यांना पहिलं वाक्य हेच की मला एकच किडनी आहे. गावठी काढे आणि भस्मंही नकोत. आधीची विमा पॉलिसी बंद पडू देऊ नका, आणि नवी घेताना अर्जात किडनी दिल्याचं स्पष्ट लिहा, लपवलं तर पुढे क्लेम नाकारतात.

दरवर्षी एकदा बीपी, वजन, शुगर, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन. पहिल्या वर्षी जास्त वेळा, मग वर्षातून एकदा, कायमचं. पेशंटच्या अपॉइंटमेंटला सोबत म्हणून जाता ना, त्याच दिवशी स्वतःच्या नावाचा वेगळा केसपेपर काढा.